मागच्या सोमवारचा आकडा

रोपवेवरची माणसं तिला तारमावशी म्हणत. बावीस वर्षं तिचं काम एकच. दर सोमवारी दोर हळूहळू फिरवायचा, त्यावर कापडाची चिंधी धरायची आणि चिंधी अडकेल तिथे तुटलेल्या बारीक तारा मोजायच्या.

"नवऱ्याच्या डोक्यावर नव्हते तेवढे केस मोजलेत मी या दोरावर," ती हसून सांगे.

पूर्वी ती वहीत लिहायची. मग मालकांनी टॅब दिला. रोपवेच्या वरच्या ठाण्यात इंटरनेट नव्हतं, पण त्यातलं ॲप नेटशिवाय चालायचं. आकडे टॅबमध्येच साठायचे. ॲपचा परवाना मात्र वर्षाचा, आणि यंदा मॅनेजरने तो वेळेवर वाढवला नव्हता.

त्या सोमवारी दोराच्या जोडाजवळ चिंधी टर्रकन फाटली. मोजल्या, तर नऊ तारा. एका जागी दहा झाल्या की रोपवे बंद, असा नियम. पण मागच्या सोमवारी किती होत्या? आठ असतील तर दोर म्हातारा होतोय. एक-दोनच असतील, तर आतून सडतोय. चाळीस जागांचे आकडे कुणाच्या डोक्यात राहतात?

तिने टॅब उघडला. 'परवान्याची मुदत संपली आहे. आपली माहिती सुरक्षित आहे.'

"साहेब, माझेच आकडे मला दिसेनात," तिने मॅनेजरला फोन केला.

"नऊ म्हणजे दहाच्या आतच ना, मावशी? चालू ठेवा. परवान्याचं बघतो."

"रोपवे चालवायच्या कागदावर मी सही करणार नाही."

"मग सुपरवायझर करेल."

सुपरवायझरने खाली मान घालून सही केली. मावशी पायऱ्यांनी ये-जा करू लागली. तिची लेक मात्र रोज ट्रॉलीनेच कामावर जायची.

"पायऱ्यांनी जा गं."

"अकराशे पायऱ्या? आई, काहीतरीच तुझं!"

जोड चाकावरून जाताना दर वेळी एकदाच 'टक्' वाजायचा. बुधवारी दोनदा वाजला.

गुरुवारी दुपारी परवाना वाढला. खालच्या ठाण्यात नेट लावून तिने पान उघडलं. मागच्या सोमवारी, जोडाजवळ: एक.

"हळू घे!" ती चालकावर ओरडली. "एकदम थांबवू नकोस, झटका बसेल!"

सहा ट्रॉल्या मुंगीच्या पावलांनी आत आल्या. चौथीत लेक होती. आईचा चेहरा पाहून तिचं हसू ओठांवरच विरलं.

संध्याकाळी जोड उकलला, तेव्हा आतून गंजाची तांबूस भुकटी गळाली. सुपरवायझर ती हाताने गोळा करू लागला. मॅनेजर म्हणाला, "बरं झालं, माहिती शाबूत होती."

त्याच मालकांचे आणखी तीन रोपवे होते. तेच ॲप, तीच मुदत, दोरही एकाच वेळी घेतलेले. मावशीने तिन्हीकडे फोन लावले. दोन रोपवे लगेच थांबले. तिसऱ्याचा फोन वाजत राहिला. पुन्हा लावला, पुन्हा नुसताच वाजला.

"गाडी काढ," ती लेकीला म्हणाली.