मी कंपुटर झाली होती

हातातला चहा आधी संपवा बाप्पा, मंगच सांगतो. मागच्या वेळी एकीनं हासता हासता कप फोडला, अन बोल मले लागला!

तं मी एकडाव कंपुटर झाली होती. खरंच! मी, चौथी नापास!

झालं काय, आमची सून शालू ब्रह्मपुरीले घरीच लग्नपत्रिका टाईप करे. तिनं नवा कंपुटर घेतला, तो समोरच्या खोलीत बसवला. जुना ठोकळा आला मांगच्या परछीत, पडवीत म्हणा, माह्या चुलीजवळ. मंग दोघायच्या मधात दारावरून निळी वायर ठोकली.

"हे काऊन वं शालू?"

"आई, दोघं जोडले आता. नव्यातली पत्रिका जुन्यातबी दिसते. अन इथी लिहा, बटन दाबा, चिठ्ठी तिथी उगवते."

आता सांगा, असं माह्यासारखीले सांगाचं असते का कधी?

आमचा बुढा तवा चिमूरले बहिणीकडं होता. त्याले वायरीचं काईच मालूम नाई. रिटायर फॉरेस्ट गार्ड माणूस, आला तवापासून दिवसभर नव्या कंपुटरवर पत्ते खेळत बसे. अन कानानं अर्धा बहिरा! पोरानं नागपूरहून कानाची मशीन आणून देल्ली, थे डबीतच. मी बोंबलून बोंबलून थकली, "लावा ना!" तो तोंड फिरवे. हळूहळू आमचं बोलणंच आटलं. जेवा. झोपा. दार लावा. बस.

एक दिवस मधातल्या दाराच्या परद्याआडून पाह्यलं, तं बुढा पत्त्यात अडकला. मी जुन्या ठोकळ्यावर एका बोटानं टकटक केलं, 'लाल राजा तिकडं ठेव.'

बुढा ताडकन उठला! कंपुटरच्या मांगं पाह्यलं, टेबलाखाली पाह्यलं. मंग भेतभेत लिहिलं, 'आपण कोण?'

'मी कंपुटर.'

'नमस्कार साहेब.'

घ्या! मले जन्मभर 'अवं' म्हणणारा माणूस, अन डब्ब्याले साहेब म्हणे!

मंग काय, मले चढलाच जोर. 'दाढी कर.' केली. 'बायकोच्या कारल्याले नावं ठेवू नको.' मुकाट्यानं खाल्लं. 'बायकोचे पाय दुखते, विहिरीचं पाणी तू भर.' बुढा बादली घेऊन निंघाला! शालू तोंडात पदर कोंबून हासून राह्यली.

शेवटी मी लिहिलं, 'कानाची मशीन लाव.'

मले वाटलं, चिडला. मंग चिठ्ठी उगवली.

'भेव लागते साहेब. बायकोचं हासणं लई मोठं होतं. मी गल्लीच्या तोंडाशी आलो का ऐकू ये. आता नुसतं तोंड हालतांना दिसते. मशीन लावली अन तरीबी नाई आलं ऐकू, तं मंग?'

डोळ्याले पाणी. अन धुराचं नाव सांगाव तं चूलबी पेटली नव्हती!

मी लिहिलं, 'लाव. येईन ऐकू.'

परद्यातून पाह्यलं. बुढ्यानं डबी काढली, मशीन धोतरानं पुसली, कानात बसवली, अन डोळे मिटून बसला. माह्यं तं असं मन भरून आलं! अन माह्यं मन भरलं का मले काई तरी खा लागते. डब्ब्यातला तांदळाचा भाजका पापड घेतला, अन...

कडाम!

इकडं चिठ्ठी हजर. 'साहेब, तुमी पापड खाऊन राह्यले का?'

मंग मले कुठं आवरते? हासली, हासली, पापडासकट ठसकली. पाह्यतो तं बुढा परद्यात उभा, हात कानावर.

मी म्हटलं, "रागावले?"

"तू हास ना वं," म्हणे. "मधातच काऊन थांबली?"

तवापासून थे मशीन झोपतांनाच निंघते. पण माह्या मांगं काय लागलं पाहा! आधी मी दिवसभर त्याच्या पाठीमांगं पुटपुटो, बुढ्या असा अन बुढ्या तसा. आता तिकडून आवाज येते, "ऐकू आलं वं!"

म्हणून त्याच्यावर पुटपुटाचं असलं का मले विहिरीवर जा लागते. अन गेलीच आहो, तं पाणीबी आता मीच भरून आणतो!