उंबऱ्याबाहेर ठेवलेलं मूल

माझी थोरली तीन महिन्यांची असताना आटू लागली. पाजलेलं दूध अंगाला लागेना, आणि रडायची तर आवाज म्हाताऱ्या बाईसारखा घोगरा. सासूबाई हेंद्रेपाड्याहून बाळंतपणासाठी येऊन राहिल्या होत्या. एका सकाळी त्यांनी मुलीला उजेडात धरून बराच वेळ न्याहाळलं.

"ही आपली न्हाय," त्या म्हणाल्या. "मावल्यांनी आपली नेली नि ही ठेवली."

मावल्या म्हणजे नदीतल्या देवी. पोटुशी असताना मी नदीवर धुणं घेऊन गेले, तेव्हाच त्यांची नजर पडली म्हणे. उपायही सासूबाईंनीच ठरवला. शनिवारी विळा चुलीत लाल करायचा आणि मुलीच्या पोटावर तीन डाग द्यायचे.

"आपली असंल तर राहील. त्यांची असंल तर जाईल."

नवरा कारखान्यातून दमून यायचा. आईपुढे तो बोलला नाही.

आम्ही तेव्हा अंबरनाथ पश्चिमेला चाळीत राहत होतो. शेजारच्या फिटरने लढाईच्या काळात विलायतेत असताना एका आयरिश बाईशी लग्न केलं होतं. आम्ही तिला गोरी वहिनी म्हणायचो. शुक्रवारी दुपारी सासूबाई विहिरीवर गेल्या होत्या, तेवढ्यात ती मुलीला बघायला आली. मी रडत रडत सगळं सांगून टाकलं. वाटलं, हसेल. तिने उठून दार लावलं.

"आमच्याकडे त्यांना चांगली माणसं म्हणतात," ती हळू आवाजात, मोडक्या मराठीत म्हणाली. "खरं नाव घेत नाही. टेकडीच्या पोटात राहतात. मूल नेतात, त्यांचं आजारी ठेवतात. पाळण्यावर लोखंडी चिमटा आडवा ठेवला की येत नाहीत."

"मग खरंच असतं हे?"

"माझा भाऊ. दीड वर्षाचा. उभा राहत नव्हता. आजीने विषारी पानांचा रस पाजला. मग फावड्यावर ठेवून उंबऱ्याबाहेर. बर्फ होतं. म्हणाली, तुमचं न्या, आमचं द्या. दार मी धरलं होतं, ताई. त्याचं रडणं आत ऐकू येत होतं."

"आणि परत दिला?"

"तोच होता. दोन दिवसांनी गेला. कोणी रडलं नाही, आपला नाही म्हणून. आई मात्र खरा येईल म्हणून रोज दाराकडे बघायची. मी निघाले तेव्हाही बघत होती."

"वहिनी, ही माझीच आहे ना?"

तिने मुलीला उचलून माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "उद्या शनिवार. ऊठ."

टांगा करून आम्ही उल्हासनगरच्या कॅम्पातल्या दवाखान्यात गेलो. वाटेत मुलगी रडायची थांबली. टांगेवाल्याने एकदा मागे वळून पाहिलं आणि घोड्याला चाबूक मारला.

सिंधी डॉक्टर माझ्यावर ओरडला, "इतने दिन क्या कर रहे थे?" त्याने मांडीत सुया टोचून पाणी चढवलं. नऊ दिवस मी फरशीवर बसून तिचा श्वास मोजला. दहाव्या दिवशी ती माझ्या दुधाला लागली.

आम्ही दवाखान्यात गेलो त्याच संध्याकाळी सासूबाई गावी निघून गेल्या होत्या. नंतर अकरा वर्षं जगल्या, पण त्या मुलीला कधी मांडीवर घेतलं नाही. तिचं ताट जमिनीवर ठेवून लांबूनच पुढे सरकवायच्या. मी मनातून त्यांचा राग करायची.

मुलगी पाच वर्षांची झाली. एका दुपारी तापात पडलेली असताना, कोपऱ्याकडे बघून ती एकटीच खुदकन हसली. मी हातातली ओली पट्टी तशीच धरून तिच्याकडे बघत राहिले, आणि काही क्षण मला तिला हात लावायचा धीर झाला नाही.

हे मी तिला कधी सांगितलेलं नाही.