धुळीतली सरस्वती

आज दसरा. इथे परदेशात, श्रूजबरीच्या घरात, लेकीच्या जुन्या फळ्यावर मी आकड्यातल्या एकांची सरस्वती काढायला घेतली आणि तिसऱ्याच एकाशी अडलो. पुढचा एक कुठे जोडायचा, काही केल्या आठवेना.

"डॅड, जस्ट गूगल इट," लेक म्हणाली. आधीच वैतागलेलो, त्यात बोटं खडूच्या धुळीने माखलेली. त्या धुळीने एकदम इटलीतलं एक म्युझियम आठवलं.

पीएचडी करत असताना एका कॉन्फरन्ससाठी मी इटलीला गेलो होतो. आई पुण्याहून तिथेच आली होती. मध्ययुगातल्या विद्यापीठाची ती इमारत आता म्युझियम झाली होती. लाकडी बाकांपुढे जाड दोरी लावलेली. मी छतावरची चित्रं बघत होतो, तेवढ्यात गार्ड ओरडला. बघतो तर आई दोरीपलीकडे! बाकावरच्या धुळीत बोटाने एकाला एक जोडत होती.

"आई, म्युझियम आहे हे! काहीही काय करतेस, यार!"

"दसरा आहे आज. इतकी पोरं शिकली इथे, पाटीपूजन नको?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गार्डला दहा वेळा सॉरी म्हटलं आणि सगळी सरस्वती बाहीने खसाखसा पुसून टाकली.

आई पदराने बोट पुसत बाहेर आली. "उद्या तुला पेपर वाचायचाय ना, म्हणून काढली रे," एवढंच म्हणाली.

आज फळ्यावरच्या तिसऱ्या एकापाशी मी स्वतःलाच म्हणतोय: मूर्खा, पुसायच्या आधी नीट बघायची तरी होतीस.