भुंगा

पेणच्या खाडीकाठी मिठागरात वाढलेला काळुराम धाटावच्या एका कंपनीत विजेच्या मोटारी दुरुस्त करायचा. नुसत्या आवाजावरून तो मोटारीचं दुखणं ओळखी. वरसेच्या घरून शिफ्टला सायकलनेच जाई आणि दर वर्षी पेण ते रोहा शर्यतीत उतरे.

गेल्या वर्षी भिसे खिंडीच्या चढावर सुशील नावाचा स्पर्धक त्याला मागे टाकून गेला, तेव्हा सुशीलच्या सायकलच्या नळीतून बारीक गुणगुण ऐकू आली. आत मोटार दडवलेली, दुसरं काय! काळुराम दुसरा आला आणि तडक पंचांकडे गेला. पंच हैबतराव. त्यांनी सुशीलच्या पायाला बांधलेली वेळ मोजायची चिप तेवढी तपासली, वेळ बरोबर निघाली. मग माईकवरूनच म्हणाले, "हरलेल्याच्या कानात भुंगे शिरतात, मंडळी!" काय हशा पिकला! काळुरामची बायको मैना खाली मान घालून घरी गेली. त्या दिवसापासून कंपनीत त्याचं नावच 'भुंगा' पडलं. हसलेला एकही चेहरा तो विसरला नाही.

यंदा त्याला जिंकायचंच नव्हतं. तो सुशीलला चिकटून राहिला, नजर त्याच्या डाव्या अंगठ्यावर. खिंड आली, अंगठा हँडलवर गुंडाळलेल्या पट्टीखाली गेला आणि गुणगुण सुरू झाली. काळुरामला असा आनंद झाला की पायांचं दुखणंच तो विसरला. सुशीलला त्याने खुशाल पुढे जाऊ दिलं.

या शर्यतीची एक रीत आहे. पहिल्या आलेल्याची सायकल रोह्यात पिंपळाला दोराने अधांतरी टांगायची आणि बायकांनी तिला ओवाळायचं.

"दोर मी बांधतो," काळुराम म्हणाला.

"बांध रे भुंग्या!" सुशील हसला.

सायकल अधांतरी टांगली गेली, तशी मैना ओवाळायचं ताट घेऊन पुढे झाली.

"थांब गो जरा," म्हणत काळुरामने हैबतरावांच्या हातातला माईक ओढला, सायकलच्या नळीला टेकवला आणि पट्टीखालचं बटण दाबलं. पेडल आपोआप गरगरू लागले. भोंग्यांतून तीच गुणगुण पार पुलापलीकडच्या अष्टमी गावापर्यंत गेली. सुशील दोर सोडायला धावला, पण मिठागरातली गाठ त्याला सुटते कशाला!

"बंद कर बाबा, दोन्ही वर्षांचे कप घे," हैबतराव कुजबुजले.

"कप नको. भुंगे कुठं हायेत, ते याच माईकवर सांगा."

हैबतराव कसेबसे बोलले, "सायकलीत."

"परत बोला," मैना म्हणाली, "पुलापलीकडं ऐकू नाय गेलं."