तारकर्लीतला एक नामंजूर दावा

सात वर्षांपूर्वी एका बाईचे कागद न वाचताच मी परत पाठवले. ही गोष्ट आजवर मी घरातही कुणाला सांगितलेली नाही. पुण्यातल्या एका कार्यालयात मी सरकारी आरोग्य विमा योजनेचे, उपचाराआधी मंजुरीला येणारे दावे तपासत असे. शेवंती नावाच्या त्या बाईचा अंगठा यंत्रावर उमटला नव्हता. अशा वेळी डॉक्टरांचे पत्र ग्राह्य धरावे, असा नियम होता आणि पत्र जोडलेलेही होते. पण आमची दक्षता ठरे ती किती दावे अडवले यावर. ‘ओळख पटत नाही’ असे लिहून मी मोकळा झालो. पुढे तिची तक्रार आली, गोव्याला नेऊनही पाय गेल्याची. तेव्हा ते पत्र मी वाचले, आणि तरीही ‘निर्णय नियमानुसार’ असा शेरा मारला.

यंदा नोकरी संपल्यावर त्या तक्रारीवरच्या तारकर्लीच्या पत्त्याकडे निघालो. तिला ज्या रस्त्याने गोव्याला नेले, त्याच रस्त्याने उलट जायचे ठरवून सकाळी गोव्याच्या सीमेवरच्या बांद्याला उतरलो. इन्सुलीच्या नाक्याजवळ एकटाच चहा घेत होतो. समोरून एक रुग्णवाहिका गोव्याकडे गेली.

“सकाळपासून तिसरी,” चहावाले म्हणाले. “आमचो माणूस पडता हयसर (इथे), उठता थंय (तिथे). उठलो तर!”

“इथे रुग्णालये नाहीत का?”

“आसत मरे (आहेत की)! पण सरकारान पैसे अडवल्यान काय (अडवले की) डॉक्टर कित्याक (कशाला) हात लावतलो?”

मी चहाचे पैसे ठेवून उठलो.

कुडाळच्या वाटेवर ते खाजगी रुग्णालय लागले, जिथे शेवंतीबाईंना प्रथम नेले होते. मी योजनेची चौकशी केली, तेव्हा खिडकीतल्या बाई मला पाहून प्रमाण मराठीत बोलू लागल्या. “अंगठा उमटत नसेल तर योजनेत घेत नाही. दोन-तीन दावे परत आले, तेव्हापासून डॉक्टरांनीच सांगून ठेवलंय.” बाकावर मासळी विकणाऱ्या दोघी पदराला बोटे पुन्हा पुन्हा पुसत होत्या. मी एका बाईचे कागद परत पाठवले, एवढेच मला ठाऊक होते. इथे त्याचा दंडक झाला होता. कोणाला बरे करायचे हे डॉक्टर ठरवतात, असे लोक समजतात. पुष्कळदा हे आमच्यासारखे तपासनीस, रोग्याचे तोंडही न पाहिलेले, दूर बसून ठरवत असतात.

मालवणहून घेतलेल्या रिक्षाने मला भलत्याच वाडीत सोडले. तापलेल्या वाळूतून, माडांच्या कडेने चालत गेलो. किनाऱ्यावर कुटुंबेच्या कुटुंबे फोटो काढत होती. कुणाला माझ्याकडे पाहण्याचे कारण नव्हते.

पत्त्यावरच्या घराच्या पडवीत साठीच्या एक बाई कालवे (खडकाला चिकटलेले शिंपले) फोडत बसल्या होत्या. एक पाय गुडघ्याखाली नव्हता.

“रूम होयी तर फुडे जा रे भाऊ,” त्या म्हणाल्या. “हयसर फकत म्हातारी गावता (मिळते)!”

मी फक्त पाणी मागितले. त्यांनी बसवले, आणि सुनेने तांदळाची भाकरी व कालवांचे सुके वाढले. मान खाली घालून जेवलो. चव सांगता येणार नाही. मग, माहीत असूनही, पायाविषयी विचारले.

“साखरेन सडलो. हॉस्पिटलात अंगठो लागलो नाय. मशीन म्हणता, तू शेवंती नाय! मगे मी कोण, माडावरचो माकड? गोव्याक नेईसर (नेईपर्यंत) उशीर झालो.”

सून आतून म्हणाली, “आदल्या दिसापर्यंत कालवां फोडीत होतात. अंगठो झिजवन घेतलात, मगे मशीन काय करतला?”

शेवंतीबाईंचे हसू मावळले. हातातली कोयती त्यांनी खाली ठेवली. “चूक माझीच रे भाऊ. सात वर्सां आयकतंय.”

आभार मानून निघता आले असते. पिशवी खांद्याला लावून मी उठलोही होतो. पण आतल्या सुनेलाही ऐकू जाईल अशा आवाजात, माझा आवाज मलाच परका वाटत असताना, मी म्हणालो:

“चूक तुमची नाही. अंगठा उमटला नाही तरी चालत होतं. डॉक्टरांचं पत्र होतं. ते न वाचता नाही म्हणणारा माणूस मी. तुमची तक्रार आली तेव्हा वाचलं, आणि लपवलं. शेवंतीबाई, मी चुकलो. मला क्षमा करा.”