जसोदा सिस्टरची बाटली

शहाद्याच्या डायलिसिस वॉर्डात जसोदा सिस्टर पेशंटला नुसते सल्ले देत बसायच्या नाहीत, बाटली द्यायच्या. डॉक्टरांनी ठरवून दिलेलं पाणी सकाळीच तिच्यात भरायचं. चहा घेतला, वरण घेतलं, की तेवढंच पाणी बाटलीतून दारातल्या केळीला घालायचं. "हाई तुन्हं दिनभरनं पानी शे," त्या दटावायच्या. बाटली संपली की पिणं बंद. बारा वर्षं मी त्यांच्या शेजारच्याच टेबलावर काम केलंय, म्हणून सांगते.

वॉर्डात नवखी नर्स म्हणून आलेल्या दीपमालाला त्यांनीच घडवलं. पेशंटला सुई टोचायला ती घाबरायची, तेव्हा मनगट धरून तिच्याकडून ती टोचून घेतली.

यंदा किडनी नर्सिंगच्या परिषदेत तज्ज्ञ वक्त्यांमध्ये दीपमालाचं नाव आलं. सिस्टर हरखल्या, पेढे घेऊन पहिल्या रांगेत बसल्या. पडद्यावर बाटली आली. "ही पद्धत मी शोधली," दीपमाला म्हणाली. सिस्टरांनी पेढ्यांचा पुडा पिशवीत ठेवला.

मग कुणीतरी विचारलं, "आणि ताक प्यायलं तर?" दीपमाला गडबडली. मला वाटलं, पडू दे तोंडघशी! पण सिस्टर उठल्या. चुकीचं उत्तर घेऊन शंभर नर्स आपापल्या वॉर्डात गेल्या असत्या ना. "ताकसुद्धा पाणीच. तेवढं बाटलीतून ओतून टाकायचं," त्या म्हणाल्या.

दीपमाला माइकवर गोड हसली. "थँक्यू मॅडम. आपण कुठल्या हॉस्पिटलच्या?"