सहाचे तीन ठोके

परक्या मुलखात माणसाचं ब्लड प्रेशर वाढतं, हे शिंपिणीला डॉक्टरांच्याही आधी खालच्या मजल्यावरच्या आक्कानं सांगितलं. आक्का इस्पितळाच्या धुलाईघरात चादरींच्या घड्या घालायची, पण बोलायची अशी, की सगळं इस्पितळ तिच्याच जिवावर चाललंय. नात्यानं कुणी नव्हती. त्या इमारतीत आपली भाषा बोलणाऱ्या दोघीच, एवढंच नातं. तेवढ्यावर तिनं शिंपिणीला हाताला धरून दवाखान्यात नेलं, घरातली मिठाची बरणी उचलून नेली आणि रोज संध्याकाळी इमारतीला चार फेऱ्या मारायला लावल्या. नवरा म्हणायचा, "तुझ्या सासूला तिकडे सोडून आलो, तर ही खालून उगवली!"

गोळीची शिस्तही आक्काचीच. दोघींच्या स्वयंपाकघरांतून पाण्याचा एकच पाइप जायचा. सकाळी सहाला आक्का त्यावर चमच्यानं तीन ठोके द्यायची: गोळी घे. वरून शिंपिणीनं दोन द्यायचे: घेतली.

"फोन का नाही करत, आक्का?"

"फोनवर तू गप्पा मारशील आणि गोळी राहील."

सहा वर्षं हे चाललं. मग एकदा गोळ्या संपल्या. नव्या आणायच्या तर दवाखान्यात अर्धा दिवस जाणार, कारखान्यात कोटांची घाई, आणि रजेचं नाव काढलं की मुकादमबाईच्या कपाळावर आठ्या. शिंपीण उद्या-उद्या करत राहिली आणि गोळी न घेताच दोन ठोके देत राहिली. बाराव्या दिवशी खालून ठोके आलेच नाहीत. बाईला काय वाटावं? बरं वाटलं! आज खोटं बोलावं लागलं नाही, म्हणून हुश्श करून ती कामावर गेली.

संध्याकाळी आक्काचं दार उघडेना, म्हणून तिनं रखवालदाराला बोलावलं. आक्का पाइपाशीच पडली होती, चमचा हातात. सकाळी लगेच कुणी आलं असतं तर वाचली असती, असं काहीतरी डॉक्टर बोलत होते. पुढचं शिंपिणीनं ऐकलं नाही. तिला आपलं ते हुश्श ऐकू येत होतं.

पंधरा दिवसांनी आक्काच्या कुलूपबंद खोलीतून सहाला तीन ठोके आले.

"पाणी सोडलं की पाइप वाजतो," नवरा म्हणाला.

तिनं त्याच दिवशी रजा टाकून गोळ्या आणल्या. दुसऱ्या दिवशी ठोके आले, तशी गोळी खरोखर गिळली, दोन ठोके दिले आणि पाइपाला कपाळ टेकवून पोटभर रडली. त्यानंतर ठोके थांबले. आठ दिवस गोळी वेळेवर, आणि घरात चिडीचूप. फेऱ्याही एकटीला मारवेनात. नवव्या दिवशी गडबडीत गोळी राहिली. दहाव्या दिवशी सहाला खालून ठोके आले.

तेव्हापासून दवाखान्यात आकडा चढतोच आहे. "गोळ्या घेताय ना?" डॉक्टर विचारतात. ती मान डोलावते. खोटं बोलायची तिला सवय आहेच.

आज सकाळी तिनं गोळी पाकिटातून काढली, तळहातावर धरली आणि बशीखाली सरकवली. मग पाइपाला कान लावून बसली. सहा वाजले. तीन ठोके आले.

"नाही घेतली गं, आक्का," ती हळूच म्हणाली, "अजून एकदा वाजव."